फक्त स्वतःच्या आनंदासाठी

ईनिड होल्रॉइडबाईंनी गावच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, पन्नास वर्षं नळ्यांचा मोठा ऑर्गन वाजवला. नवऱ्याला शेवटचा निरोप दिला त्या दिवशीसुद्धा वाजवणाऱ्या त्याच, दुसरं होतं कोण! मग चॅपल विकलं गेलं. नव्या मालकानं सांगून टाकलं, "ऑक्टोबर संपायच्या आत ऑर्गन हलवा, नाहीतर भंगारात."

तेव्हापासून बाईंना घरामागच्या गवतावर, सफरचंदांच्या झाडांपलीकडे, एक लांबरुंद लाकडी खोली मनातल्या मनात दिसायला लागली. चहा गार व्हायचा, बाई आपल्या खिडकीशीच. खोलीत ऊन यायचं, ऑर्गनच्या नळ्या चमकायच्या, चॅपलची मंडळी गात असायची.

ऑर्गन बसवणारे मात्र जागे होते. "एवढं बांधकाम कायद्यात बसतं असा गावच्या कौन्सिलचा दाखला आणा, मगच हात लावू."

अर्जात विचारलं होतं, वापर कशासाठी? बाईंनी खरं ते लिहिलं: दर रविवारी चॅपलची मंडळी गायला येतील, चहा मिळेल.

शेजारचा क्लिफर्ड कुंपणावरून म्हणाला, "अगं ईनिड, कौन्सिलला चहाचं सांगायची काय गरज होती?"

"मग खोटं लिहू?"

"खोटं नको गं, पण थोडक्यात!"

जूनमध्ये कौन्सिलच्या मिस प्राइस टेप घेऊन आल्या. "नकाशातली उंची ठीक, कुंपणापासून अंतरही सोडलंय. पण बाई, परसातली खोली घरच्याच वापराची हवी. दर रविवारी मंडळी जमली की ते प्रार्थनाघर झालं. त्याची परवानगी वेगळी, ती मिळेपर्यंत हिवाळा उजाडेल."

हिवाळ्यापर्यंत ऑर्गन कुठला राहायला! बाईंनी अर्जातल्या मंडळींवर काट मारली, तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं त्यांना. खाली लिहिलं: फक्त माझ्या स्वतःच्या आनंदासाठी.

ऑगस्टमध्ये दाखला आला, सप्टेंबरअखेर खोली उभी राहिली, आणि मुदत संपायला चार दिवस उरले असताना ऑर्गन आत बसला.

त्या दुपारी बाई एकट्याच बाकावर बसल्या. बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि सवयीनं उजवीकडे पाहिलं. चॅपलमध्ये तिथे त्या दिवशीच्या स्तोत्रांच्या आकड्यांची पाटी असायची. इथे नुसती नव्या लाकडाच्या वासाची भिंत. पन्नास वर्षं पाटी सांगेल ते वाजवलं. आपल्याला काय आवडतं, हे बाईंना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही नाही. लाज वाटली त्यांना.

मग कुठून कोण जाणे, बोटांत नाचाचा एक वॉल्ट्झ आला. सतरा वर्षांच्या असताना गिरणी कामगारांच्या नाचाच्या रात्री दाराबाहेर उभं राहून ऐकलेला. आत जायची घरून परवानगी नव्हती.

"ईनिड, हे कुठलं स्तोत्र गं?" क्लिफर्ड कुंपणावरून ओरडला.

"स्तोत्र नाही रे मेल्या, नाच आहे!"

बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, चुका होत होत्या, तरी हात थांबेनात. वॉल्ट्झ संपला तशी त्यांनी कुणाला न विचारता तो पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतला.