जवानांसोबत जेवण, जवानांपासून लांब

मंडळी, मालवणातून आत्ताच घरी आलोय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

एका क्लबाने सैनिक मदतनिधीसाठी मोठं जेवण ठेवलं होतं. पत्रिकेवर छापलं होतं, ‘जवानांसोबत एका टेबलावर बसा’. म्हणून आईला घेऊन गेलो. गेल्या वर्षी वादळात भावाची होडी उलटली, तेव्हा नौदलाच्या लोकांनी त्याला वाचवलं होतं. जेवणाला नौदलाचेच जवान येणार होते, आणि आईला त्यांना भेटायचंच होतं. आज मासळी लवकर विकून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती निघाली.

तिथे पाहतो तर सगळे जवान स्टेजवर, पुढाऱ्यांच्या शेजारी. आम्ही खाली. दीड तास नुसती भाषणं! मी दोनदा उठलो, तर स्वयंसेवक म्हणाला, “वर फक्त निमंत्रित.” अहो, मग पत्रिका कशाला छापलीत?

ताटातलं पापलेट गार झालं. आई म्हणाली, “माका जेवाण नको रे, माका त्येंका भेटाक व्हया.”

शेवटी जवान गाडीकडे निघाले, तेव्हा ती धावतच गेली. एकाचा हात धरून म्हणाली, “माज्या झिलाक तुमी दर्यातसून जितो हाडलास.”

तो साताऱ्याचा निघाला. म्हणाला, “आई, मी त्या बोटीवर नव्हतो. पण मुलाचं नाव सांगा, त्यांना निरोप देतो.” त्याने खिशातल्या डायरीत नाव लिहून घेतलं. आई तिथेच रडली.

एवढ्यासाठीच होतं ना हे जेवण? मग तिला गाडीमागे का धावावं लागलं? सांगा तुम्हीच.