पुढचं कडवं

आज संध्याकाळी गल्लीतून एक वरात गेली आणि बँडवाल्यांनी नेमकं तेच गाणं धरलं. चारचौघांत मी त्याला थिल्लर म्हणतो; घरी एकटा असलो की भांडी घासताना तेच गुणगुणतो. आजही गॅलरीत उभ्या उभ्या माझा पाय ठेका धरू लागला.

गाणं ताईचं. पोळ्या लाटताना ती रेडिओ मोठा करायची आणि मी ओरडायचो, "बंद कर गं ते!" ती म्हणायची, "अरे, पुढचं कडवं तरी ऐक कधी." कोण ऐकतंय? नाचायला मुखडा पुरतो. बँडवालेही तेवढाच वाजवतात, पुन्हा पुन्हा.

तिच्या वरातीत, तिचं आवडतं म्हणून, मी हे गाणं तीनदा वाजवायला लावलं. आम्ही घामाघूम होईस्तोवर नाचलो. ताई फुलांनी सजवलेल्या गाडीतून आमच्याकडे बघत होती. मला वाटलं, लाजतेय.

ताई वारली, त्यानंतर एका दुपारी मी ते गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. चाल तीच, ठेकाही तोच, नाचरा. आणि त्या ठेक्यावर गाण्यातली मुलगी पुढच्या कडव्यात विनवत होती, मला नाही जायचं त्याच्या घरी, कुणीतरी मला एकदा विचारा.

खाली पोरं बेभान नाचत होती. गाडीच्या काचेआडून नवरी त्यांच्याकडे एकटक बघत होती.

लाजत असेल, असंच कुणालाही वाटलं असतं.