दहाची हजेरी

आमच्या शाळेत पूरग्रस्तांचं निवारा केंद्र उघडलं तेव्हा ते माझ्याकडे आलं, कारण मुख्याध्यापिका मीच. खारबावच्या अलीकडे, नदीकाठच्या पाड्यात पाणी शिरलं होतं. झोपड्यांच्या भिंती कुडाच्या, त्या भिजून बसल्या. दुपारपर्यंत सगळा पाडा माझ्या दोन वर्गांत आणि व्हरांड्यात होता. बोचकी, कोंबड्या, एक शेळी. शेळीला मी आधी नाही म्हटलं, मग शौचालयामागे बांधायला लावली.

गर्दी आवरायची एकच पद्धत मला येते. मी हजेरीपट आखला. रोज सकाळी दहाला नावं पुकारायची. हजर असेल तर निळी खूण, नसेल तर लाल. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षांत हात तसाच वळला आहे.

तिसऱ्या सकाळी पाऊस उघडला, पाणी उतरलं. मी भिवंडीहून दहाला पोचले तर वर्गात पाय सुजलेला एक म्हातारा आणि चार पोरं. बाकी बोचकी.

"सगळे कुठे?"

"लावणीला गेलीत, बाई. रांडवीच्या शेतान."

रांडवी म्हणजे पाड्यातली विधवा, तिचा नवरा गेल्या वर्षी वारला. तिचं शेत जरा उंचावर, त्यामुळे भाताचं आवण, म्हणजे लावणीची रोपं, एकट्या तिचंच वाचलं होतं. बाकी सगळ्यांचं वाहून गेलं. तिची लावणी करून उरलेलं आवण बाकीच्यांनी वाटून घ्यायचं, असं ठरलं होतं. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही, सगळा पाडा एकाच शेतात उतरायचा, ही त्यांची रीत. आणि रोपं जून व्हायला आली होती. फार तर तीन दिवस. ते गेले असते तर त्या वर्षी पाड्यात भात नव्हता.

हे मला म्हाताऱ्यानं सांगितलं, पण लाल खुणा मारून झाल्यावर. पानभर लाल.

नेमके तेव्हाच तलाठी आले. मोटारसायकल लावली, हेल्मेट काढलं, पट बघितला.

"बाई, केंद्र रिकामं आहे. लोक परत गेलेत. मी बंद लिहून टाकतो. शिधाही थांबेल."

"भाऊसाहेब, लोक शेतावर आहेत. झोपायला इथेच येणार."

"तुमच्याच अक्षरात गैरहजर लिहिलंय."

माणूस वाईट नव्हता. त्याला वर कागद दाखवायचा होता आणि कागद मीच तयार करून ठेवला होता. झोपड्यांत अजून गुडघाभर गाळ. केंद्र बंद झालं तर लोक आधी गाळ काढत बसणार, आणि आवण जागेवर वाया जाणार.

"चला," म्हटलं. "तुम्हाला माणसं मोजायचीत ना?"

पंधरा मिनिटं चिखलातून चालत गेलो. शेतात सगळे वाकलेले, पाठी आमच्याकडे. मी बांधावर उभी राहून पट उघडला आणि नावं पुकारायला लागले. कोणी वर बघितलं नाही. "हाय." "हाय." हात चालूच. एका नावाला दोघांनी ओ दिली.

"एकाच मान्साला दोनदा शिधा लागंल, भाऊसाहेब," ओळीच्या टोकाची म्हातारी म्हणाली. सगळे हसले.

तलाठी गंभीर. "आजी, केंद्रात थांबायचा नियम आहे."

"मंग तुमी उतरा ना खाली. आमी बसतो केंद्रान. आवण ह्यं, चिखल ह्यो. लावा."

त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. ती विधवा मात्र हसली नाही. रोपांची जुडी हातात धरून ती माझ्याकडे बघत होती. "बाई, दोन दीस. फकस्त दोन दीस द्या."

मी तलाठ्यांना म्हटलं, "नियमात मुक्काम केंद्रात हवा असं आहे. दहाची वेळ नियमात नाही. ती माझी."

"मग पटावर दुरुस्ती करा."

तिथेच बांधावर बसून एकेक लाल खूण खोडली, प्रत्येकीशेजारी सही केली. पेन चिखलानं भरलं. तलाठ्यांनी शेवटी खाली आपली सही ठोकली. केंद्र झोपड्या सुकेपर्यंत चालू राहिलं. हजेरी मी संध्याकाळी सहावर नेली. ती आधीपासून तिथेच हवी होती. ज्यांचं पोट दिवसाच्या कामावर आहे त्यांना दहाला वर्गात बसवणं हे फक्त पगारी माणसालाच सुचतं.

दुसऱ्या दिवशी तिचं शेत पुरं झालं. उरलेल्या जुड्या म्हातारीनं वाटल्या. तीन घरांना पुरल्या, दोन घरांना नाही. भांडण झालं नाही. त्या दोन घरांतली माणसं सकाळच्या टेम्पोनं कशेळीच्या गोदामांत माल चढवायला जायला लागली. त्यांची पाळी रात्री आठला सुटायची, म्हणजे माझ्या सहाच्या हजेरीतही ती बसत नव्हती.

पटात हजर आणि गैरहजर एवढे दोनच रकाने होते. मी पट्टी घेतली आणि तिसरा आखला. वर लिहिलं, 'कामावर'. त्या रकान्याबद्दल तलाठ्यांनी काही विचारलं नाही.