गाडी बंद पडली की प्रकरण पास

"गोष्ट जमली की ऐकणाऱ्याचा पाय चुकतो," असं ती एकदा जेवताना म्हणाली होती. नवऱ्याने मान डोलावली आणि मीठ मागितलं.

ती गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि समोर बघत गोष्ट सांगायची. शिकाऊ मंडळी तिला ब्रेकबाई म्हणत. कादंबरीचं प्रत्येक प्रकरण कागदावर उतरण्याआधी त्या गाडीतून फिरून येई. ऐन प्रसंगी शिकाऊचा पाय क्लचवरून निसटला, गाडी गचका देऊन बंद पडली, की प्रकरण पास. मागचे हॉर्न म्हणजे टाळ्या. आणि शिकाऊ शांतपणे वळण घेऊन पुढे गेला, तर ते प्रकरण बाद.

लोकांना गोडी लागली होती. दातांची एक डॉक्टरीण लायसन्स हातात आल्यावर पुन्हा शिकवणीला हजर झाली. "गाडी येते हो मला," ती म्हणाली, "पण त्या नर्सचं पुढे काय झालं?"

ही गोष्ट नवऱ्याच्या मात्र वाट्याला आली नव्हती. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, दिवसभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून. "घरात सांगितलं तर तुम्ही औषध घेतल्यासारखं ऐकता," असं तिचं म्हणणं. आणि बायकोच्या हाताखाली गाडी शिकणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं त्याचं.

तिची पहिली कथा छापून आली तेव्हा वर फोटो चुकून भलत्याच मिशाळ गृहस्थाचा लागला. सासूबाईंनी ते पान शेजारणीला अभिमानाने दाखवलं. "मिशा सोडल्या तर आमचीच सून." मग बरीच वर्षं पाकिटं साभार परत येत राहिली. पाकिटं उलटून त्यांच्यावर ती भाजी निवडायची, आणि निवडता निवडता पुढचं प्रकरण जुळवायची. खचलेली नवरा बघायचा, पण थांबलेली कधी नाही.

आणि एके दिवशी संपादिकाबाईंचा फोन आला. कादंबरी घेतो म्हणाल्या, पुढच्या दोन पुस्तकांचंही बोलू म्हणाल्या. "फक्त शेवट पटत नाही, बाई. सोमवारी नवा शेवट द्या, नाहीतर पुस्तक राहून जाईल."

आनंदाच्या भरात तिने शिकवणीच्या मालकांना सांगूनही टाकलं, की आता मी फक्त लिहिणार. सासूबाई म्हणाल्या, "बाजारात तुरी." पुढचं त्या बोलल्या नाहीत, त्याही हरखल्या होत्या.

त्या आठवड्यात तिने शेवटामागून शेवट सांगितले. एकाचाही पाय चुकला नाही. रस्त्यावर सगळ्यांची गाडी सुरळीत चालत होती. घरात मात्र कोणी मोठ्याने श्वास घेत नव्हतं.

रविवारी शिकवणी बंद. ती खिडकीपाशी कोऱ्या कागदासमोर बसलेली. नवऱ्याने बूट घातले.

"चल."

"कुठे?"

"मला गाडी शिकव."

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि किल्ली उचलली.

गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने स्टिअरिंग घट्ट आवळलं.

"अहो, कुणाचा गळा नाही तो. सैल धरा."

"तू गोष्ट सांग."

"आधी आरसा बघा."

"आरशात काय बघू? मागे कोणी नाही."

दोन-तीन फेऱ्यांत त्याला जमायला लागलं, तशी ती बोलू लागली. मुलाचं लग्न झाल्यावर एक नर्स एक पिशवी घेऊन घरातून निघून जाते. दूरच्या गावी छोट्या दवाखान्यात नोकरी धरते. नवरा घरी वाट बघतो. शेवटी ती परत येते, तो दार उघडतो.

नवऱ्याने चौकात वळण घेतलं.

"इंडिकेटरसुद्धा दिलात," ती खिन्नपणे म्हणाली.

"पण ती परत का आली?"

"घर आहे तिचं."

"घर आधीही होतंच की." तो समोर बघत होता. "आणि नवरा नुसता बसून वाट बघतो?"

"मग काय करणार?"

"मी असतो तर गेलो असतो."

"आणायला?"

"छे. आणायला कशाला? त्या दवाखान्यात रांगेत बसलो असतो, इतर पेशंटांसारखा. नंबर आला की आत. काही बोललो नसतो. रक्तदाब बघायला हात पुढे केला असता."

गाडी आता वर्दळीच्या रस्त्याला लागली होती, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"मग ती?" त्याने विचारलं.

"ती पट्टा बांधते," ती सावकाश म्हणाली. प्रत्येक शब्द कुठून तरी वर येत होता. "हवा भरते. आकडा लिहून घेते. आणि विचारते, नाव काय?"

"नाव? स्वतःच्या नवऱ्याला?"

"माहीत आहे तिला. तरी विचारते. आणि तो..."

"तो काय?"

"तो सांगतो. पूर्ण नाव सांगतो. पहिल्या भेटीत सांगितलं होतं तसं."

नवऱ्याचा पाय क्लचवरून निसटला. गाडीने उसळी घेतली, कडेच्या कचऱ्याच्या डब्यावर जाऊन आदळली आणि बंद पडली. डबा आडवा झाला. मागे एक हॉर्न वाजला, मग रांगेने सगळे.

"अगं, ब्रेक!"

तिने खाली पाहिलं. आजवर एकदाही न चुकलेला तिचा पाय ब्रेकच्या बाजूला निवांत पडला होता.

तिने पट्टा सोडला, दार उघडलं. किल्ली गाडीला, नवरा गाडीत. हॉर्नच्या गजरातून वाट काढत ती घराच्या दिशेने निघाली. त्याला गाडी सुरू करता येत नव्हती. त्याने पहिल्यांदाच नीट आरशात पाहिलं. ती भरभर चालत होती, मग जवळजवळ पळत, स्वतःशी बोलावं तशी मान हलत होती, आणि तिने एकदाही वळून पाहिलं नाही.