पुढची डावी सीट

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. अंगणात एक बंद पडलेली जीप दोन वर्षं उभी करा, बॉनेट उघडं टाका; रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावतो, एक सल्ला देतो आणि जाताना एक किस्सा सोडून जातो! आमच्याकडं तर बाहेरच्यांची गरजच नव्हती. घरात अण्णा होते, आई होती आणि दोघांच्या मधोमध ती जीप होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. सहकारी दूध संघाच्या जीपवर सव्वीस वर्षं ड्रायव्हर. दुष्काळामागून दुष्काळ आले, जनावरं गेली, दूध आटलं आणि एक दिवस संघालाच कुलूप लागलं. जीप आवारात गंजत पडली. लिलावात ती भंगार म्हणून निघाली, तेव्हा अण्णांनी घेतली. मी बीडला शाळेत शिकवते. दर रविवारी गावी यायचं आणि त्यांच्या हाताखाली जीप दुरुस्त करायची, असं आम्हा बापलेकीचं ठरलं.

ट्रॅक्टरला बांधून जीप दारात आली, तेव्हा तिच्या फ्लोअरमधून बाभळीची फांदी वर आली होती आणि इंजिनात सरड्यांचा संसार होता. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "गाडी आली दारात, भाकरतुकडा ओवाळा की!"

आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "सवतीला कुणी ओवाळतं का?"

*

आईचा राग समजायचा तर माझ्या जन्माची गोष्ट सांगावी लागते.

तेव्हाही दुष्काळच होता. भर दुपारी आईला कळा सुरू झाल्या. जीप दारात उभी, टाकी भरलेली. पण संघाचा नियम होता: लॉगबुकात कुठून, कुठे, प्रवासी आणि कारण लिहायचं, शेवटच्या रकान्यात साहेबांची सही घ्यायची, मगच गाडी हलवायची. साहेब गेले होते बीडला. अण्णांची नोकरी नवी, आणि माणूस असा, की संघाच्या गाडीतून घरची पिशवीसुद्धा कधी आणली नाही. सहीबिगर गाडी हलली नाही. आई बैलगाडीतून नेकनूरच्या दवाखान्यात गेली, अण्णा बाजूनं चालत. आणि निघण्याआधी, उन्हानं टायर खराब होऊ नयेत म्हणून, त्यांनी जीपवर ताडपत्री टाकली!

ती ताडपत्री आई विसरली नाही. "गाडीला सावली आन मला ऊन," हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. आणि त्याच्या पाठोपाठ, "मरंन, पर त्या गाडीत पाय ठेवणार न्हाई."

चूक झाली, असं अण्णा कधी तोंडानं म्हणाले नाहीत. त्यांच्या पिढीतल्या पुरुषांना ते वाक्य शिकवलेलंच नव्हतं. पण पहिल्याच रविवारी चाक खोलता खोलता ते मला हळूच म्हणाले, "तुज्या आईला एकदा हिच्यात बसवायचंय, बाई. मला दिसतंय तवर." त्यांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी गाडी चालवायला कधीच बंदी घातली होती.

त्या दिवसापासून मी रविवार चुकवला नाही.

*

एकदा एक बोल्ट जाम झाला. मी पाना लावून सगळा जोर काढला, अंगावरची ओढणी काळी करून घेतली, बोल्ट जागचा हलेना. अण्णांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला, बोल्टवर चार थेंब तेल सोडलं आणि खाली बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता च्या. ताण दिला की मोडतं. बोल्ट काय आन माणूस काय, तेल सोडायचं आन वाट बघायची."

मी म्हटलं, "मग आईवर हा उपाय करून बघितला का?"

अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले, "तीस वर्षं झाली तेल सोडतोय. आटे लई जाम हायेत!"

आतून तव्यावर उलथणं जोरात आपटल्याचा आवाज आला. चहा तेवढ्यावरच संपला.

*

त्या उन्हाळ्यात टँकर आठ दिवसांनी यायचा. नेमकं तेव्हाच रेडिएटर बसवून झालं आणि त्यात पाणी भरून बघायची वेळ आली. आईनं हंड्यावर हात ठेवला. "मानसाला प्यायला न्हाई आन हिला आंघोळ घालता?"

अण्णांनी चार दिवस स्वतः अंघोळ केली नाही, वाट्याचं पाणी कळशीत साठवलं आणि रविवारी रेडिएटरमध्ये ओतलं. ते खालून टपटप गळायला लागलं! अण्णांचा चेहरा असा उतरला की मला रडूच आलं.

आई बाहेर आली. तिनं गळतीखाली घमेलं ठेवलं आणि साठलेलं पाणी तुळशीला घातलं. पुढं रेडिएटरची गळती निघेपर्यंत हाच क्रम चालला. त्या उन्हाळ्यात गल्लीत सगळ्यांच्या तुळशी वाळल्या, आमची तेवढी हिरवी राहिली.

"सवत का असंना," आई काकूंना सांगत होती, "कामाची हाय."

मी ते अण्णांना जाऊन सांगितलं. त्यांनी त्या आनंदात पंधरा दिवसांनी दाढी केली.

*

इंजिनाचं मोठं काम मांजरसुंब्याच्या हमीदचाचांनी केलं. त्यांचा हात देवाचा आणि जीभ तिखट. ते गाडी तपासायला चढले की अण्णा त्यांना पुढच्या डाव्या सीटवर टेकूसुद्धा देत नसत. ती साहेबांची सीट. सव्वीस वर्षं अण्णांनी ती रोज सकाळी फडक्यानं पुसली होती.

हमीदचाचा वैतागले. "अण्णा, साब गये, संघ गया, दूध भी गया! अब इस सीट पे बैठनेवाला कौन है?"

अण्णांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. हमीदचाचांनीही बघितलं. मग ते मागं जाऊन बसले आणि परत कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

सीटला नवं रेक्झिन घालायचं होतं. अण्णांनी चार तुकडे आणले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला मोठ्यानं विचारायला लागले, "काळं घ्यावं का हिरवं? का निळं?" मी दोन हातांवर होते, तरी ओरडून!

आई म्हणाली, "मला कावून ऐकवता? मी काय बसणार हाय का?"

भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. जरा वेळानं आतून आलं, "त्यो आमसुली बरा दिसंल."

आमसुलीच घातलं.

*

जीप पहिल्यांदा सुरू झाली ती अर्ध्या गावानं ढकलून. एवढा धूर निघाला की काकूंना वाटलं गंजी पेटली! चालवायला मी, आणि शिकवायला अण्णा. पण पुढं बसायचं नाही, म्हणून ते मागं बसून शिकवायचे. "क्लच!" मागून आवाज यायचा, मी दचकून ब्रेक दाबायचे आणि अण्णा माझ्या पाठीवर येऊन आदळायचे. पहिल्याच दिवशी मी गाडी सरळ उकिरड्यात घातली.

बाहेर काढायला आलेल्या पाटलांच्या आबांनी विचारलं, "अण्णा, पुढं जागा रिकामी आसताना मागं कावून बसलाव?"

अंगावरचं शेण झटकत अण्णा म्हणाले, "पुढची बुक हाय!"

*

मी नीट चालवायला लागले, त्यानंतरच्या एका रविवारी भर दुपारी अण्णांनी धुतलेला सदरा घातला. डावी सीट फडक्यानं पुसली, फडकं खांद्यावर टाकलं आणि साहेबांसाठी उभे राहायचे तसे जीपशेजारी उभे राहिले.

"चल," ते आईला म्हणाले.

"कुठं?"

"नेकनूरला."

"नेकनूरला काय हाय?"

"एक काम राह्यलंय."

आई बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. ऊन मी म्हणत होतं. मग ती आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती लुगडं बदलून बाहेर आली, हातात भाकरतुकडा घेऊन. तिनं तो जीपवरून ओवाळून लांब टाकला. सीटपाशी येऊन थांबली.

"सायबाची सही हाय का?"

"घेतो," अण्णा म्हणाले.

आई चढली. अण्णा मागं बसले. मी आयुष्यात इतकी हळू गाडी कधी चालवली नव्हती.

दवाखान्याच्या फाटकापाशी अण्णा म्हणाले, "थांबव." त्यांनी पिशवीतून जीपसोबतच आलेलं जुनं लॉगबुक काढलं. शेवटची काही पानं कोरी होती. दिसत नव्हतं म्हणून पानाला नाक लावून ते एकेक अक्षर लिहीत होते. झाल्यावर त्यांनी लॉगबुक आणि पेन पुढं केलं. आईच्या खांद्यावरून मी वाचलं.

कुठून: घर. कुठे: नेकनूर दवाखाना. प्रवासी: आईचं पूर्ण नाव. कारण: बाळंतपण.

सहीचा रकाना रिकामा होता. अण्णा त्यावर बोट ठेवून थांबले होते.

आईनं पदरानं डोळे पुसले. सावकाश, शाळेतल्यासारखं, आपलं नाव लिहिलं. मग लॉगबुक अण्णांच्या हातात परत देत म्हणाली,

"खाली लिवा. पोरगी झाली. दोघी खुशाल हायेत."