कोरडे तांदूळ

माझ्या सख्ख्या चुलत्याने एका भगताला हाताशी धरून माझ्या आईला फसवलं. तिला चोर ठरवलं आणि तिचा उजवा हात मोडला.

वरळी कोळीवाड्यातल्या आमच्या घरातून देवीची नथ नाहीशी झाली होती. आई विधवा, घरातली सगळ्यात गरीब. सगळ्यांच्या नजरा आधीच तिच्यावर होत्या. भगताने ओट्यावर सगळ्यांना मंतरलेले तांदूळ चावायला दिले. ज्याच्या तोंडातून कोरडे पडतील तो चोर. चुलता मांडीवर वल्हं आडवं घेऊन बरोबर आईच्या समोर बसला होता. बाकीच्यांनी ओला लगदा थुंकला. आईचे तांदूळ कोरडे पडले.

वल्ह्याचा पहिला घाव तिने हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती खाली पडली तरी तो पाठीवर मारत राहिला. शेजारी दारांत उभे होते. देवीचे तांदूळ खोटं कसं बोलतील, असं म्हणून एकेक आत गेला.

त्या हातात तिला पुन्हा कोयता धरता आला नाही. दादरच्या मासळी बाजारात तिच्या पाटावर मी बसले, भांडून भांडून धंदा शिकले. माल ताजा आहे म्हणून व्यापारी आईची शपथ घेतात. मी कल्ला उचलते, आत लाल दिसला तरच भाव बोलते. शपथेवर मी साधा बांगडा घेत नाही. या लोकांनी तांदळावर माणसाचा हात घेतला.

यंदा चुलत्याच्या घरातून सोनसाखळी गेली आणि तोच भगत पुन्हा आला. या वेळी पाळी त्याच्या धाकट्या सुनेची होती. तिचा निरोप आला तशी मी पाटावरून उठले, कोयता घेऊनच टॅक्सीत बसले. ओट्यावर चढून भगताची मानगूट धरली, त्याला भिंतीवर आपटलं, पातं गळ्याला लावलं आणि त्याचेच तांदूळ त्याच्या तोंडात कोंबले. त्याने चावून थुंकले. कोरडे. मग चुलत्याकडे वळले, त्यालाही चावायला लावले. त्याच्या तर ओठांनाच दाणे चिकटले.

"साखळी तू चोरलीस, काका?"

"समोर कोयता धरलास, बाय. तोंडाला कोरड पडली."

"आणि तू वल्हं घेऊन बसला होतास, तेव्हा माझ्या आईच्या तोंडाला काय सुटायला हवं होतं?"

सुनेने उरलेले तांदूळ उचलून गटारात फेकले.

नथ कोणी घेतली, मला आजही माहीत नाही. पुरावा नाही, म्हणून मी कोणाचं नाव घेत नाही. तू माझ्या आईचं घेतलंस, काका. आई अजून जिवंत आहे, डाव्या हाताने जेवते. तिला घेऊन मी त्याच ओट्यावर येणार आहे. अख्ख्या कोळीवाड्यादेखत तिच्या तोंडाकडे बघून सांग, ती चोर कशावरून?