सुपारीची डबी

लग्नाला जाऊन अक्षता पडायच्या आत तिथल्या दोन-चार मुलांची नोकरी पक्की करून टाकणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या आईचा मामेभाऊ आहे. मी त्याला मामा म्हणते. तसं त्याला सगळेच मामा म्हणतात, आणि हे मला पहिल्यापासून खटकत आलं आहे. शाहूपुरीत, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाच्या वर, त्याची छोटी कंपनी आहे. मोठ्या कंपन्यांची फायबर केबल जमिनीखालून, कुठे खांबांवरून टाकायची, तुटली की जोडायची आणि ती नीट चालते ना यावर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. काम भरपूर आहे, मशीनं चांगली आहेत, फक्त माणसं मिळत नाहीत. हुशार मुलांना पुण्याला जाऊन एसीत बसायचं असतं, उरलेल्यांना स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतात, आणि ‘केबलचं काम’ म्हटलं की आयांच्या डोळ्यांसमोर टीव्हीच्या केबलचे पैसे मागायला येणारा माणूस उभा राहतो. म्हणून मामा स्वतःच माणसं शोधत हिंडतो. बारसं, वास्तुशांत, कॉलेजचं गॅदरिंग, कुठलंही निमित्त त्याला चालतं. एकदा तर तो दहाव्याला जाऊन एका मुलाला घेऊन आला होता.

त्याची पद्धतही त्याचीच. त्याच्या गावाकडे कार्याचं आवतण द्यायला घरचं माणूस जातं आणि हातावर सुपारी ठेवून येतं. मामाने तीच चाल नोकरीला लावली. मूल पसंत पडलं की तो त्याच्या तळहातावर एक सुपारी ठेवतो, आपल्या दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटवतो आणि म्हणतो, “आवतण दिलंय. यायचं.” या पद्धतीने एकदा घोटाळाही केला. एका कॉलेजात त्याने स्टेजवरून, माईक हातात घेऊन, “ह्या पोरीची सुपारी मी दिलीया,” असं जाहीर केलं आणि मुंबईहून आलेले प्रमुख पाहुणे खुर्चीत सावरून बसले. पोरगी मात्र दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. मामाने मूठ मिटवली की मुलं येतात. का येतात, हे मी पुष्कळ वेळा जवळून पाहिलं आहे. आजवर कुणीच त्यांचा हात इतका वेळ धरलेला नसतो.

जवळून पाहिलं आहे म्हणजे अगदी हातभर अंतरावरून, कारण सुपारीची डबी माझ्याकडे असायची. मामाच्या पँटच्या खिशात चाव्या, चष्मा आणि दोन फोन असल्यामुळे डबीला जागा नसे. मग प्रत्येक समारंभात तो मला शोधून काढायचा आणि “ए, हे धर” म्हणून पितळी डबी माझ्या हातात कोंबायचा. पाठोपाठ छत्री यायची, मग अर्धा प्यालेला चहाचा ग्लास. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. माझ्याकडे वस्तू दिली की मी काही बोलत नाही आणि ती हरवतही नाही, हे त्याला ठाऊक होतं. मामा बोलत राहायचा आणि मधेच माझ्याकडे न बघता हात मागे करायचा. मी त्यात सुपारी ठेवायची. ती पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर जायची. मी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम शिकत होते. हे मामाला माहीत होतं, फी भरायला तोच माझ्याबरोबर आला होता. तरी चार वर्षांत एकही सुपारी माझ्याकडे वळली नाही.

मुलं निवडायच्या त्याच्या कसोट्या अजब होत्या. मार्क तो विचारत नसे. शिरोळच्या एका लग्नात लायटिंगच्या माळांचा मोठा गुंता झाला होता आणि नवरीची एक मैत्रीण, नवी साडी सांभाळत, खाली बसून तो सोडवत होती. मामा जेवणाचं ताट बाजूला ठेवून तिच्यासमोर उकिडवा बसला.

“कटाळा येत न्हाय व्हय गं?”

“कशाचा कटाळा? सुटतंय की.”

“महापुरात तुमच्या गावचे फोन बंद पडलते, आठवतंय? तसला गुंता सोडवायचा. येतीस?”

“फोनचं मला काय कळतंय, पावणं?”

“ते आम्ही शिकवतो. कटाळा न येणं कुठं शिकवायचं?” आणि हात मागे आला.

मी सुपारी दिली. मामाच्या सगळ्या चार्जरच्या वायरी आजवर मीच सोडवत आले होते, पण ते कुणी उकिडवं बसून पाहिलं नव्हतं.

रस्त्याने चालताना तो मधेच थांबून पाय आपटतो. आधी मला वाटायचं मुंग्या आल्या. “इथनं,” तो म्हणतो, म्हणजे इथून केबल गेली आहे. मिसळीच्या गाड्यावर शेजारी कुणी मोबाइलवर पिक्चर बघत असला की मामा त्याला हात धरून रस्त्याच्या कडेला नेतो. “पावणं, तुमची हिरॉईन तुमच्या चपलेखालनं चाललीया.” माणूस एकदा फोनकडे आणि एकदा चपलेकडे बघतो. जेसीबी दिसला की मामा स्कूटर थांबवतो, ड्रायव्हरला चहा पाजतो, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करतो आणि शेवटी हळूच म्हणतो, “तेवढं हातभर पलीकडं खणा की.” जेसीबीवाल्यांच्या घरची इतकी लग्नं त्याने केली आहेत की त्याला एकदा कुणीतरी जेसीबी संघटनेच्या सत्काराला बोलावलं. तिथेही डबी माझ्याकडेच होती.

पण मी खरी जळले ती मलकापूरच्या एका मुलीवर. तिला सुपारी मिळाली आणि तिच्या वडिलांनी ती परत पाठवली. मामा सुपारी घेऊन थेट त्यांच्या दारात गेला. अर्थातच मलाही नेलं.

“पोरीला शिकवून खांबावर चढवायची व्हय?” वडील म्हणाले.

“घरच्या फणसावर चढत न्हाय ती?”

“चढती की. पण ते घरचं झाड हाय.”

“मग खांब परका कसा? त्याच्यावरनंच तुमचा फोन चालतोय.”

वडील हसले नाहीत. मामाने तिथे दोन वेळचा चहा आणि एक वेळचं जेवण उरकलं. निघताना मुलीची मूठ मिटलेली होती. आज ऑफिसात शिरताच भिंतीवर तिचा फोटो दिसतो: हेल्मेट घातलेली, समोर केबल जोडायचं स्प्लायसिंग मशीन, आणि त्यात केबलमधल्या केसाएवढ्या काचेची दोन टोकं जुळवताना जिभेचं टोक दातांत धरलेलं. “विषय हार्ड हाय ही पोरगी,” मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. तो फोटो मी काढलेला आहे. हे तो कुणालाच सांगत नाही.

शेवटच्या वर्षी मला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली, सॉफ्टवेअर तपासण्याची. घरात पेढे वाटले गेले. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता आणि मला तो कळवायचा नव्हता. मला ती काच जोडायची होती, कोल्हापुरातच राहायचं होतं, पण न बोलावता कुणाकडे जायचं नाही, ही सवय माझ्या अंगात पक्की मुरलेली आहे. रविवारी आमच्याच घरी चुलतबहिणीचा साखरपुडा होता. मामा आला. मी मनाशी ठरवलं: आज हात माझ्याकडे वळला तर पुणे नाही.

“ए, हे धर,” मामा म्हणाला.

दुपारभर मी त्याच्या मागे उभी होते. नवरदेवाची लांबची एक बहीण, मोठ्यांदा बोलणारी, सगळ्यांचे रील काढत होती आणि आमच्या घरात रेंज का येत नाही ते खोली-खोलीत फिरून शोधत होती. मामा खूश झाला. हात मागे आला. मी सुपारी दिली नाही. हात जरा हलला, बोटं उघडली-मिटली. मी डबी घट्ट धरून उभी. शेवटी मामाने वळून पाहिलं.

“संपल्या व्हय?”

“नाही,” मी म्हणाले. मग माझ्या तोंडून तो प्रश्न बाहेर पडला, मनात चार वर्षं पाठ केलेला असूनही अगदी वेडावाकडा. “मामा, मला का नाही दिलीस तू कधीच?”

“काय?”

“सुपारी.”

मामा बघतच राहिला. मोठ्यांदा बोलणाऱ्या मुलीने रील थांबवून फोन खाली घेतला.

“खुळी का काय तू? घरच्यास्नी कोण आवतण देतंय व्हय? आवतण पावण्याला.” मग त्याचा आवाज उतरला. तसा तो मी कधी ऐकला नव्हता. “खिडकीजवळचं टेबल मांडून ठेवलंय तुझं. गेल्या दिवाळीपास्नं कुणाला बसू दिलेलं न्हाय. समद्यांना सांगितलंय, भाची येणार म्हणून.”

“मला नाही सांगितलंस.”

“तुला काय सांगायचं?” तो खरोखर गोंधळला होता. “तुझंच हाय की. पुण्याचे पेढे खाल्ले तवा मला वाटलं, आपलंच काय तरी चुकलं.”

सोमवारी मी पुण्याला नकार कळवला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मामाशी त्याहून जास्त दिवस.

आता मी खिडकीजवळ बसते. बाकीच्यांच्या टेबलांवर त्यांच्या सुपाऱ्या आहेत. मलकापूरच्या मुलीने तिची मशीनच्या पेटीत कापसात ठेवली आहे. माझ्या टेबलावर अख्खी डबी असते, कारण मामाचे गुडघे गेले आहेत आणि मांडवात उकिडवं बसणं त्याला जमत नाही. आवतण द्यायला घरच्याच माणसाला जावं लागतं, म्हणून मी जाते. मला मामासारखं बोलता येत नाही. मी नुसती शेजारी जाऊन बसते, आणि बराच वेळ बसले की मुलंच विचारतात, “तुम्ही कुणाकडच्या?”

परवा हुपरीला एका लग्नात मी अशीच एका मुलीच्या हातावर सुपारी ठेवली, मूठ मिटवली. तिने विचारलं, “ताई, तुम्हाला कुणी दिलती?”

“मला नाही दिली कुणी,” मी म्हणाले.

“अरेरे,” ती मनापासून म्हणाली, आणि सुपारीची मूठ छातीशी धरून मैत्रिणींना दाखवायला पळाली. मी डबीचं झाकण लावलं आणि ती मूठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.